तुमी बसा, पावणं

२ नोव्हेंबर, रविवार

आज दुकानातला पयला रविवार. लई मजा आली, म्हणून लिहायला घेतलं. ही डायरी खताच्या कंपनीची, गेल्या सालची. दुकानाच्या मालकांनी, पारसभाऊंनी रद्दीत काढली व्हती. वार जुळत नाय, तर खोडून लिहिते.

मी वृषाली. दिवाळी झाली तशी अवसरीवरनं डिंगोऱ्याला शीलामावशीकडं राहायला आले. नववीतनं शाळा सोडली. अभ्यासाचं काय नव्हतं, पण वर्गात उभं केलं की तोंडातनं आवाजच निघायचा नाय. हजेरीला ‘हजर’ म्हणायला बी नाय. मग बाई गैरहजेरी मांडायच्या आणि मी तिथंच बाकावर बसलेली असायची. आई म्हणली, जा मावशीकडं, चार माणसात राहशील तर बोलशील तरी.

आल्या आल्या मी खुर्चीवर बसले तर मावशी म्हणली, ए बाई, पावणी म्हणून आली नाय हां तू, घरची म्हणून आलीस, ऊठ, कांद्याची रोपं उपटायचीत. हौशीरामकाका हसले. मला लई बरं वाटलं. मावशीची अक्षदा दुसरीत हाय, ती माझ्याच गोधडीत झोपती आणि रोज माझ्याकडनंच वेणी घालून घेती.

दुकान ओतूरला, काकांनी मला तिथं कामाला लावलं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम. रविवारी चारला तिथं हौशी फोटोवाल्यांची बैठक भरती. आठवड्यात काढलेले फोटो प्रत्येकानं आणायचे, मोठ्या टीव्हीवर लावायचे, बाकीच्यांनी बघून बोलायचं. मोबाईल जोडायचं आणि पुढचा फोटो दाबायचं काम माझं. बोलायचं काम नाय, म्हणून आवडलं.

सुभाष सर रिटायर मास्तर, ते पक्षी काढतात. आदेशभाऊ टोमॅटोचा पिकअप चालवतो, तो ढग नि रस्ते काढतो. आज बी सरांनी धरणावरचा खंड्या आणला तर आदेशभाऊ म्हणला, सर, ह्या खंड्याचं आता आधार कार्ड काढून टाका, दर रविवारी हाच हजर. सर म्हणले, हा त्यो नव्हं, हा दुसरा. आदेशभाऊ म्हणला, तुमाला वळखतो का त्यो तरी? लई हसले सगळे. मी बी हसले, पण टीव्हीकडं तोंड करून.

चहा वरनं येतो, पारसभाऊंच्या आई भंवरीबाई पाठवतात. पावण्यांना फुलाची कपबशी, मला नि पारसभाऊंना स्टीलचे ग्लास. पारसभाऊ म्हणले, तुझे बी फोटो दाव एखाद्या रविवारी. मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते मलाच कळलं नाय.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक पोरगी आलती. माझ्याएवढीच. दारात उभी ऱ्हायली, तर आदेशभाऊ म्हणला, या की पावणं, आत या. ती मागच्या खुर्चीत बसली. तिनं मोबाईल पुढं केला, मी जोडला.

तिचे फोटो एका घराचे. सगळे खिडकीच्या बाहेरनं काढलेले. गॅसपाशी उभ्या बाईची पाठ. उंबऱ्यातल्या चपला. फळीवर उलटे घातलेले डबे. एका पोराचं दप्तर. फोटो लई भारी, पण चोरून काढल्यासारखे. सर म्हणले, वा, खिडकीची चौकट काय वापरलीये! आदेशभाऊ म्हणला, लाईट बघा लाईट. कुणाचं घर ते कुणीच विचारलं नाय. ती पोरगी कुणाची, ते बी नाय. सरांना वाटलं पारसभाऊंच्या वळखीची, आदेशभाऊला वाटलं सरांची विद्यार्थिनी. आपल्याकडं आलेल्या माणसाला तोंडावर कोण विचारतं, तू कोण म्हणून? कुणाचा तरी पावणा असतोच.

तेवढ्यात चहा आला. पारसभाऊ म्हणले, वृषाली, तुझ्या पावणीला चहा दे की.

माझी नाय ती, असं म्हणायचं व्हतं. सगळे माझ्याकडं बघाय लागले. मान गरम झाली. आवाज निघंना. मी उठले आणि कपबशी तिच्यापुढं केली.

तिनं दोन्ही हातांनी धरली, थंडी वाजती तशी. चहा पिली, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणली, तू नाय म्हणायला पायजे व्हतं गं.

मला वाटलं, चहाचं म्हणती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानातनं घरी आले तर ती मावशीकडं बसलेली. मावशी म्हणली, अगं, मैत्रीण येणार म्हणून सांगायचं तरी, मासवडी केली असती. काका म्हणले, आता यवढ्यात कुठं जाती ती परत, उसातनं वाट हाय, बिबट्या हिंडतोय, राहू दे.

मावशीला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं. चुलीपाशी गेले. मावशी म्हणली, काय गं? मी म्हणलं, काय नाय.

जेवल्यावर तिनं सगळी भांडी घासली. एकदा बी विचारलं नाय, राखुंडी कुठं, तांब्या कुठं. फळीवर डबे उलटे घातले.

१६ नोव्हेंबर, रविवार

ती अजून हायच. पहाटे मावशीसंगं रोपं उपटायला जाती. मावशी तिला ए पोरी म्हणती, मग ए बया म्हणती, काल तर रागावली बी तिला, पेंडी नीट बांध म्हणून. मला आठवडाभर मावशी रागावली नाय.

बैठकीला दोघी गेलो. मी मनाचा हिय्या करून माझे फोटो लावले. अक्षदाची वेणी. मावशीच्या हातातली रोपं. सर म्हणले, छान काढलेत. कुठलं हे घर? मी म्हणलं, मावशीचं. डिंगोऱ्याचं.

सर म्हणले, असं का, शीलाबाईंकडं गेला व्हता का तुमी?

सर मला तू म्हणायचे.

तिचे बी फोटो झाले. परत तसलेच, बाईची पाठ, उलटे डबे. पण आता खिडकीतनं काढलेले नव्हते. आतनं काढलेले. आणि घर मावशीचं व्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज मावशीनं मला काकांच्या पंगतीला बसवलं. आदी बापयं नि पावणं जेवतात, मग आमी चुलीपाशी. ती मावशीच्या मागं चुलीपाशी बसली, माझ्या पाटावर. मी ताट घेऊन उठले घासायला, तर मावशीनं हातातनं काढून घेतलं. म्हणली, अहो तुमी बसा. पावण्यानी खरकट्याला हात लावायचा नसतो.

मला वाटलं चेष्टा. मी हसले. मावशी बी हसली, पण जशी शेजारणीकडं बघून हसती तशी.

आज अक्षदा त्या पोरीच्या गोधडीत झोपली. माझ्यासाठी कपाटातली सोलापुरी चादर काढली. नव्या वासाची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानातल्या फोनवरनं आईला फोन केला. माझ्या मोबाईलवरनं लावला की, कुणाचा का नंबर म्हणून आई उचलंना.

म्हणलं, आई, मी.

आई म्हणली, कोण बोलताय? मी म्हणलं, वृषाली. आई म्हणली, वृषाली घरी नसती वो, डिंगोऱ्याला असती मावशीकडं. आत्ताच तर बोलणं झालं तिचं. लई बोलाय लागली आता पोरगी, ऐकतच ऱ्हावंसं वाटतं. तुमी मैत्रीण का तिची?

मी फोन ठेवला.

नाय — मी ठेवला नाय. आवाज निघंना म्हणून आईनंच ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

पारसभाऊ म्हणले, वृषाली, सरांचा मोबाईल लाव. आमी दोघी उठलो. त्यांनी तिच्याकडं बघितलं. मी खाली बसले.

सरांचा खंड्या आला टीव्हीवर. आदेशभाऊ म्हणला, आला का पुन्यांदा? आणि ती म्हणली, सर, ह्याला आता रेशनकार्डावर चढवा. सगळी बैठक हसून लोळली. पारसभाऊ म्हणले, बघा, वृषालीला वाचा फुटली!

चहा आला. तिला स्टीलचा ग्लास. माझ्यापुढं फुलाची कपबशी.

मी नाय म्हणणार व्हते. मी कपबशी घेतली.

२४ नोव्हेंबर

मोबाईलमधले सगळे फोटो बघितले. मी कशातच नाय. कायम मीच काढणारी, नायतर कुणी काढाय लागलं की पळणारी. आई ओरडायची, बस की एकदा नीट, खाईल का त्यो फोटो तुला.

एकच सापडला. अक्षदानं काढलेला. वट्यावर मी, तोंडावर हात.

अक्षदाला दावला. म्हणलं, ही कोण? ती म्हणली, ताई.

मी तिला जवळ घेतलं. तर ती माझ्या हातातनं निसटली आणि पळत जाऊन तिला बिलगली. ही ताई, म्हणली. आणि ती पोरगी — तिनं हसत हसत तोंडावर हात घेतला. फोटोत हाय तसाच.

२६ नोव्हेंबर

अक्षदानं मला पाणी आणून दिलं. तांब्याखाली ताटली धरून, मावशीनं शिकवलं तसं. म्हणली, अहो ताई, तुमची आई कुठं असती?

अहो म्हणली. सात वर्साची पोर.

२८ नोव्हेंबर

काका म्हणले, बरेच दिस राहिलात, घरी वाट बघत असतील. मावशीनं कुंकू लावलं, शेंगांची पिशवी दिली, या परत म्हणली. दारातच उभी ऱ्हायली. मी म्हणलं, मावशी, मी घरची हाय, तूच म्हणलीस. एवढं मोठ्यानं जन्मात बोलले नव्हते. मावशी म्हणली, हो हो, घरच्याच की तुमी.

ती माझी पिशवी घेऊन रोडपर्यंत आली. गाडी दिसली तसं तिला रडू आलं. मी विचारलं, तुझं घर कुठाय? ती म्हणली, खिडकीतनं दावलं व्हतं की तुला. आता आठवत नाय नीट. मग म्हणली, मी आपणहून नाय आले गं. चहा दिलास. नाय म्हणली असतीस तर मी अजून —

गाडी आली.

२९ नोव्हेंबर

अवसरी. आई दारातच व्हती. कोण म्हणून विचारलं नाय. पाणी दिलं. मग म्हणली, कुणाकडं आलात?

मी म्हणलं, आई, मी वृषाली.

आई हसली. म्हणली, अगं बाई, आमच्या पोरीचं बी नाव त्येच!

तुमी बसा म्हणली. चहा टाकते म्हणली. मी बसले. फुलाची कपबशी आमच्या घरात नाय — आईनं शेजारनं मागून आणली. माझ्यासाठी.

१ डिसेंबर

देवळात झोपले. कुणी हाकलत नाय. कुणाची तरी पावणी म्हणतात, भाकरी देतात.

दुपारी घरामागं गेले. खिडकीतनं फोटो काढले. आईची पाठ. गॅस. उंबऱ्यात तिच्या चपला, माझी जागा मोकळी —

३ डिसेंबर

परत काढले. आई वळली तर पळाले.

फोटो चांगले आलेत. चौकट —

५ डिसेंबर

आईच्या कपाळावरचा तीळ डाव्या बाजूला का उजव्या. फोटोत पाठच हाय. नुसती पाठ.

७ डिसेंबर, रविवार

पिंपरी पेंढार. कशी आले माहीत नाय. एका दुकानात टीव्ही लावलेला, माणसं फोटो दावत व्हती. दारात थांबले. कुणीतरी म्हणलं, या की पावणं.

मागच्या खुर्चीत बसलीये. वही मांडीवर हाय. मोबाईल मी दिला नव्हता — हात आपोआप पुढं झाला.

आईची पाठ लागली टीव्हीवर. एवढी मोठी. वा, म्हणले. चौकट बघा, म्हणले. कुणाचं घर — विचारा ना कुणीतरी — कुणाचं घर ते —

फोटो दाबणारी पोरगी बारीक हाय. टीव्हीकडं तोंड करून बसती. संस्कृती म्हणतात तिला.

चहा आला.

दुकानवाला म्हणला, संस्कृती, तुझ्या पावणीला दे की चहा.

सगळे तिच्याकडं बघतात. मान लाल झालीये तिची. तोंड उघडलं. बोल गं. नाय म्हण. ही माझी कुणी नाय, एवढंच — बोल, मी रडणार नाय —

उठली. येतीये. फुलाची कपबशी.

नको म्हणायचं. मी म्हणते. आता म्हणते. हात गार पडलेत, कप लई गरम — नको, एवढाच शब्द — नको म्हणायला — माझा आवाज