बाहीतली पट्टी

सोमवार, २३ नोव्हेंबर ९८

प्रशांत,

भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं चुलीवर झाकलंय. शेळीला पाणी दाखव.

मी शाळेत चाललेय. छबूबाईच्या कमलला जिवे मारलं, तिच्या नखांत मारणाऱ्याचं रक्त सापडलं, म्हणून फौजदार तिथं गावातल्या पोरांचं रक्त तपासायला घेतायत, हे तुला सांगायला नको. सक्ती नाही म्हणाले, तरी सगळ्यांनी दिलं. मतदानाची शाई दाखवावी तशी पोरं हातावरची पट्टी दाखवत फिरली. तूही फिरलास. अशक्तपणा येऊ नये म्हणून मी तुला गूळ-शेंगदाणे खायला लावले.

आज तुझा शर्ट भिजत घालताना बाहीत ती पट्टी निघाली. कापूस पांढराशुभ्र, रक्ताचा ठिपका नाही. आणि पट्टी कापडी, माझ्या अंगणवाडीच्या पेटीतली. शाळेत कागदी लावतात.

सुईला भ्याला असशील. लहानपणी लस टोचायची म्हटलं की कणगीमागं लपायचास. तेवढंच असू दे रे बाबा.

नर्सबाईंना मी सहज विचारलं, एखादा पोरगा आलाच नाही तर? म्हणाल्या, आईचं रक्त मिळालं तरी पोराचं बरंच कळतं.

आज शेवटचा दिवस आहे, डॉक्टर एक वाजता जातील. बारापर्यंत मी शाळेच्या दाराशी तुझी वाट बघीन. जेवण राहू दे, आधी ये.

बारानंतर मी माझा हात पुढं करीन.

आई