पेटी जरा हळू

मारेगाव, ५ मार्च २०२५

चि. दीपास,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘बरं आहे’ एवढंच म्हणते, म्हणून लिहून कळव असं तू बजावलंस. तर हे पत्र. घरामागच्या पळसाला पान एक नाही, नुसती फुलं. सकाळपासून मैना त्यावर भांडत असतात. त्याहून मोठी बातमी म्हणजे ओसरीतल्या कपड्यांच्या तारेला यंदाही शिंजिरीनं घरटं टांगलं आहे, बाबांच्या खुर्चीच्या बरोबर वर. कोळ्याचं जाळं, कापूस, माझ्या जुन्या साडीचा धागासुद्धा लावलाय. मी आता कपडे कुंपणावर वाळत घालते. शेजारच्या लीलाबाई म्हणतात, चिमणीएवढंही नाही ते पाखरू, त्याच्यासाठी कायले हाल करून घेतं.

मला कायमचं पुण्याला न्यायची घाई करू नकोस. पिल्लं उडेपर्यंत घर सोडवत नाही. शिंजिरीचा आवाज फोनमध्ये भरून पाठवलाय, ऐक. बाबा गेल्यापासून ओसरी फार मोठी वाटते. तिच्यामुळे जरा भरते.

ड्यूटीच्या गडबडीत जेवण टाळू नकोस. आठवण ठेव.
तुझी,
आई

पुणे, १४ मार्च २०२५

तीर्थरूप आईस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. आधी म्हणालीस तूर घरात येऊ दे, मग पळस फुलू दे, आता शिंजीर. पुढच्या पत्रात मुंग्यांचं वारूळ येईल, त्याची वाट बघते.

हसत हसतच तू पाठवलेला आवाज लावला. पाखराचं झाल्यावर तू फोन बंद करायला विसरलीस, आई. पुढे तू बाबांना सांगतेस की अहो, पेटी जरासक हळू वाजवा, ते अंड्यावर बसून राह्यली. मग काहीच नाही. पेटी तर दिवाळीपासून कपाटावर बांधून ठेवलेली आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

तुला आता एकटीला ठेवणार नाही. महिनाअखेरचं तुझं तिकीट काढलंय. घरट्याकडे लीलाकाकू बघतील. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझीच,
दीपा

मारेगाव, २२ मार्च २०२५

चि. दीपास,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

वाचून ओशाळले. असं बोलले हे मला आठवतही नाही. पण दरवर्षी या दिवसांत जयंतीच्या गाण्यांची तालीम आपल्या ओसरीत चालायची, त्याच तारेला घरटं असायचं, आणि मी बाबांना हेच सांगायची. ते म्हणायचे, पाखराले सूर समजते, नलू, तुलेच समजत नाही. तोंडाची सवय राहिली असेल.

परवा विहारातून तालीम ऐकू आली. नुसती ढोलकी, पेटी नाही. काल मी पेटी खाली काढली. खुर्चीत बसवलं नाही, खाली बसले. एका हाताला सूर सापडला की दुसरा हात भाता विसरतो. पेटी दम लागल्यासारखी थांबते. शिंजीर डोकं बाहेर काढून बघत राहिली, उडाली नाही. पिल्लं निघाली आहेत.

माझं तिकीट रद्द कर. पुण्याला कधीच येणार नाही असं नाही. पण तिथं मी कोणाला हळू वाजवा म्हणू? त्यापेक्षा जयंतीला तूच ये. लहानपणी बाबांसमोर उभी राहून भाता ओढायचीस, तसा ओढ. तोवर पिल्लं उडालेली असतील. जोरात ओढलास तरी चालेल.

वाट बघते.
तुझी,
आई