शहाण्यांचा मुकुट आणि फ्रेडी

५ मे १९६८, रविवार

नाही पटत! बायबलातला दानिएल म्हणतो, शहाणे आभाळासारखे चमकतील – कायमचे. उपदेशक म्हणतो, शहाणा मरतो तसाच मूर्खही मरतो, आणि मेलेल्याला ना काही कळतं, ना काही मिळतं. एकाच पुस्तकात! चर्चमधली मिस्सा, रविवारची उपासना, लॅटिन सोडून मराठीत झाली, तसे नवे फादर डेनिस मागे लागले – घरी बायबल वाचा. वाचलं. डोक्याची वाट लागली.

मला एवढंच हवंय – माझ्या भावाला, फ्रेडीला, वर काही मिळालं का? त्याला जाऊन आज चाळीस दिवस झाले. वयाने सत्तेचाळीस, अकलेने पाच वर्षांचा.

७ मे, मंगळवार

मरोळ गावात घरोघरी मिरच्या वाळत पडल्यात. शेजारची ऑलिव्ह विचारून गेली, ल्युसी, यंदा मसाला किती कुटायचा तुझा? म्हटलं, एकटीला काय करायचाय! घर खायला उठतं.

११ मे, शनिवार

बावीस वर्षं मी चर्चमध्ये पोरांना कॅटेकिझम, धर्माची प्रश्नोत्तरं, शिकवते. ती तोंडपाठ नसतील तर पहिला कम्युनियन नाही, फादरच्या हातची पवित्र भाकर जिभेवर नाही. नियम म्हणजे नियम. फ्रेडी दरवर्षी माझ्याच वर्गात, पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर. देवाने तुला का निर्माण केलं, असं विचारलं की नुसता हसायचा. दरवर्षी मी त्याला नापास केलं. टीचरचा भाऊ म्हणून सोडला, असं गाव म्हणालं असतं ना!

आणि हाच माणूस रोज सकाळी विहिरीवरून अख्ख्या आळीचं पाणी भरायचा. आंधळ्या जानकीबाईंचा माठ आधी, आमचा सगळ्यात शेवटी. मी ओरडायचे, घरचं पाणी आधी भर म्हणून. बायबलच्या नीतिसूत्रांत लिहिलंय, शहाण्यांच्या डोक्यावर मुकुट. फ्रेडीच्या डोक्यावर काय? मला रडू येतं, आणि रागही येतो.

१२ मे, रविवार

सापडलं! मत्तय, अकरावा अध्याय – देवाने शहाण्यांपासून लपवलं आणि बाळकांना दाखवलं. फ्रेडीचंच वचन हे! सांगायला मात्र कोणी नाही. भिंतीला सांगितलं.

मग चहा घेताना सुचलं – आणि शहाण्यांचं काय?

१८ मे, शनिवार

सगळी वचनं कागदावर लिहून फादरकडे नेली. त्यांनी नीट वाचली. म्हणाले, उपदेशक सूर्याखालचं, या जगातलं बोलतो, मत्तय त्याच्या पलीकडचं. भांडण वचनांत नाही. मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

“टीचर, फ्रेडीची काळजी मला नाही. तुम्हाला नक्की कशाची आहे?”

चुलीवर भात ठेवलाय म्हणून उठून आले. भातबित काही नव्हता.

१९ मे, रविवार

लिहून टाकते. फ्रेडी शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा फादर मरणाऱ्याचा तेलाचा संस्कार करायला आले, सोबत कम्युनियनही आणला होता. मला विचारलं, “देऊ ना, टीचर?”

फ्रेडीने तोंड उघडलं होतं.

मी म्हटलं, “नको फादर, त्याला कळत नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.