ठेका चुकलेल्या पेशी

प्रिय तायडे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र भावजींच्या हाती देतेय. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

“तुझ्या उंदरांचं आईला लावू नकोस,” असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस आणि सगळे हसले. एकदा तरी माझ्या प्रयोगशाळेत आली असतीस! उंदराच्या पिल्लांच्या हृदयातल्या पेशी आम्ही थाळीत वाढवतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एका ठेक्यात धडधडताना दिसतात. आईला कॅन्सरवर देतात तेच लाल औषध मी त्यांच्यावर घालते. त्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरंच; त्या थाळ्याही माझ्याच टेबलावर असतात. पण हृदयाच्या पेशींचा आधी ठेका चुकतो, मग एकेक पुंजका गप्प होत जातो.

थाळी म्हणजे माणूस नव्हे, एवढं मलाही कळतं गं. म्हणून तर मी इतकंच म्हणत होते, की आईला धाप लागतेय, पाय सुजलेत, ते डॉक्टरांच्या कानावर घाल. तू उलट तिलाच दटावलंस, “बरी आहे म्हणायचं, नाहीतर औषध बंद करतील.” आणि ती बिचारी उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपत राहिली. डॉक्टरांपुढे मात्र हसायची. न्हाणीघराच्या दाराला टेकून, श्वास घेत घेत तिनं मला हे सांगितलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हो, तुला न विचारता मी डॉक्टरांना गाठलं. तपासणीत हृदयाचा जोर बराच कमी झालेला निघाला. त्यांनी लाल औषध थांबवलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या. आता सूज उतरतेय. “गाठ वाढली तर तू जबाबदार,” म्हणून तू तरातरा निघून गेलीस. बरं, मी जबाबदार. पण ती भीती काय तुला एकटीलाच आहे? फक्त त्या भीतीपायी मी आईचं तोंड दाबलं नाही, एवढंच.

आता डॉक्टरांना दुसरं औषध सुरू करायचंय आणि आई सुईसाठी हात पुढे करत नाही. “थोरली येऊ दे,” एवढंच म्हणते. विनवून झालं, ओरडून झालं, ढिम्म! मला तिचाही राग आलाय. मी तुला माफ केलेलं नाही, तूही मला करू नकोस. वॉर्डाबाहेरच्या जिन्यात हवं तेवढं भांडू. पण आधी आत ये आणि तिला हात पुढे करायला सांग.

तुझीच, अजून धुमसणारी
धाकटी