जिन्यातला दिवा आणि मधली वेळ

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद. भावजयीचा गुडघा आता कसा आहे? (तुझ्या पोटाची चौकशी करत नाही, ते फोटोत दिसतंच.)

बाबांना तुझ्याकडे कायमचं न्यायचं, तर ‘हो की नाही एवढंच कळव’ असं तू लिहिलंस. त्याआधी तुझ्या दिव्याचं ऐक. बाबांना अंधुक दिसतं म्हणून गेल्या खेपेला तू जिन्यात उजेड ओळखणारा सेन्सर बसवलास. त्याला जोडलेला, दिवा लावणारा-विझवणारा मायक्रोकंट्रोलर (बाबा त्याला ‘मास्तर’ म्हणतात) एकच विचारतो, अंधार आहे की नाही? मधलं उत्तर त्याला चालत नाही. दुपारी ठीक, रात्री ठीक. पण तिन्हीसांजेला, ना धड उजेड ना धड अंधार, तेव्हा त्या बिचाऱ्या सेन्सरने सांगावं काय? दिवा लागतो, त्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, सेन्सर म्हणतो उजाडलं, दिवा विझतो, की पुन्हा अंधार. नुसती फडफड! समोरच्या शिंपीणबाईंना वाटतं आपण त्यांना खुणा करतोय, त्या खिडकी लावून घेतात. बाबा पायरीवर बसून गंमत बघतात. म्हणतात, पोराने केलाय ना, मग त्याच्यासारखाच, आला म्हणेपर्यंत गेला.

मी हसले, मग फार वाईट वाटलं. अरे, बाबांचंही तेच झालंय. सकाळी विचारलं तर जाऊ की म्हणतात, आईच्या खुर्चीपाशी गेले की नको म्हणतात. आपणच विचारून विचारून त्यांची फडफड केली. फोनवर तूच म्हणालास ना, किती अंधारात दिवा लागायचा ती रेघ वेगळी, किती उजेडात विझायचा ती वेगळी ठेवायची, म्हणजे मधल्या वेळात आधी जे होतं तेच टिकतं. त्यासाठी एक रेझिस्टर, तो वीज अडवणारा इवलासा भाग, वाढवावा लागेल, आलो की जोडतो, असंही म्हणालास. मग जे दिव्याला, तेच बापाला लाव की. तुझं चुकतंय असं नाही. त्यांचा पाय घसरला तर, या भीतीने माझाही जीव टांगणीला असतो. पण तूर्त आहेत तिथे राहू देत.

तुझी,
जिन्यात अर्धीच दिसणारी ताई

ता. क. बाबांनी पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाले, ‘नाही’ असं लिहू नकोस. लिही की दिवा बिघडलाय, पोराने स्वतः येऊन नीट करावा, आणि घाई करू नये.

आणखी ता. क. रेझिस्टर मीच परवा डाग देऊन जोडला. दिवा छान चालतो. कधी येतोस ते कळव, म्हणजे आदल्या दिवशी काढून ठेवते. बाबांनीच सांगितलंय.