आधीच केलेली सही

६ ऑक्टोबर, सोमवार
गारगोटीची नसरीन अखेर कोल्हापूरकर झाली! राजारामपुरीतल्या एका छोट्या खाजगी शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. अम्मीनं बांधून दिलेले शंकरपाळे स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत फस्त. मुख्याध्यापिका पूर्णिमाबाईंनी मुलांच्या सुरक्षेचं काम लगेच माझ्या गळ्यात मारलं. नवी सून, सगळी धुणी तिचीच! काम तसं सोपं आहे. पाच वाजता फाटकाशी उभं राहायचं, पालकाचं कार्ड बघायचं, मूल त्याच्या हातात द्यायचं आणि मगच हवालीच्या वहीत नावापुढे सही करायची. मुलांजवळ फोन नको म्हणून तो मी खोलीवरच ठेवणार आहे. वर्गात बत्तीस मुलं. सर्वांत शेवटी उरते आयेशा, कारण तिचे अब्बू रिक्षा चालवतात, त्यांना उशीर होतो. तोवर ती माझं बोट सोडत नाही. मला ती फार आवडली.

८ ऑक्टोबर, बुधवार
आज सगळ्याजणी मला हसल्या. इथे हवालीच्या वहीतल्या सह्या मधल्या सुट्टीतच उरकतात. स्वतःच्या हजेरीपटावरही सकाळीच येण्याची आणि जाण्याची, दोन्ही सह्या ठोकून मोकळ्या. पूर्णिमाबाई म्हणाल्या, मुलं काय पळून जाताहेत? मी आधी नको म्हटलं, मग गप्पा मारता मारता पानभर सह्या ओढल्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला!

शाळेतल्या शिपाई अंबूमावशींचा मात्र चेहरा उतरला. म्हणाल्या, "बाई, आधी सही करू नगा. सही झाली म्हंजी पोर गेली. मग तिला कोण हुडकत न्हाय."

९ ऑक्टोबर, गुरुवार
मावशींना खोदून विचारलं. बरीच वर्षं झाली म्हणे. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. संयोगिता नावाची पहिलीतली मुलगी वरच्या चित्रकलेच्या खोलीत झोपली होती. घरचे विचारत आले, तेव्हा त्या वेळच्या वर्गबाईंनी वही पुढे केली, गेली की, ही बघा सही. कुणी वर जाऊन बघितलं नाही. खोली सुट्टी संपल्यावर उघडली. पुढचं मावशींना सांगवेना आणि मलाही विचारवेना.

मला माझीच लाज वाटते आहे. यापुढे मुलांची सही फाटकातच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बत्तीस मुलं सोपवली. बत्तीस सह्या, एकेक बघून. आयेशाची रिक्षा गेली, तरी माझ्या बोटाला एक हात होता. गार. वळून बघितलं तर कुणी नाही.

मग बुधवारचं पान उघडलं. तेहतिसावी ओळ. नाव संयोगिता. पुढे माझीच सही. नावं न वाचता खालपर्यंत ओढत गेले होते मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार
पूर्णिमाबाईंना पान दाखवलं. त्यांना बत्तीसच नावं दिसली. मला मात्र —

आयेशा सांगत होती, वरची एक मुलगी तिला बोलावते. त्या मुलीला घरी जायचंय, पण तिचं कार्ड घेऊन कुणी येत नाही. मी आयेशाला दटावलं, वर पाऊल टाकायचं नाही. आयेशाला काही झालं तर?

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी
शाळेचा शेवटचा दिवस, उद्यापासून दिवाळीची सुट्टी. घाईत हजेरीपटावर दोन्ही सह्या करून बसले. माझ्याच त्या. मुलांची वही अजून कोरी आहे. आज आयेशाला नजरेआड करणार नाही.

पावणेसहा
चित्रकलेच्या खोलीत आहे. रोजनिशी पर्समध्ये होती म्हणून —

एकतीस मुलं दिली. आयेशा दिसेना. वरून रडणं ऐकू आलं, धावत आले. कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. मी हात धरला. दार मागे बंद झालं. बाहेरून कडी —

ओरडते आहे. कुणी वर बघत नाही.

खिडकीतून फाटक दिसतं. रिक्षा आली. अंबूमावशी कार्ड बघून एका मुलीला तिच्या अब्बूंच्या हातात देताहेत. आयेशा! आयेशा घरी निघाली. अल्लाचे उपकार —

मग हा हात —

सोडत नाही. गार —

खाली मावशी विचारताहेत, नसरीनबाई कुठं हायेत. पूर्णिमाबाई हजेरीपट उघडून सांगताहेत, गेल्या की, ही बघा स