घरभर पाण्याचे पेले

घर, ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
बेडकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं. मोठ्या प्रवासी बोटीवर दोन वर्षं मुख्य बेकर म्हणून तुला बोलावणं आलंय हे वाचून मी जागच्या जागी उडी मारली आणि डोकं दिव्यावर आपटून घेतलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा तीही हरखली. चप्पल न घालताच शेजारी सांगायला गेली. आता समोरच्या औषधवाल्यापासून मी पोहायला शिकवतो त्या तलावावरच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की थोरली बोटीवर पाव भाजणार.

पण ताई, खरं सांगायचं तर तेव्हापासून आई रडते. दिवसा दुकानात कपांवर आणि पदकांवर नावं कोरते तोवर ठीक असते. संध्याकाळ झाली, की पंख्याखाली वर्तमानपत्र घेऊन बसते आणि डोळ्यांतून धारा. परवा तर विनोदाचं पान वाचताना रडली. सकाळी उठते तेव्हा पापण्या चिकटलेल्या आणि कडा लाल. आता काळा चष्मा घालते, घरातसुद्धा. मी विचारलं नाही हे सांगायला नकोच. बाबा गेले तेव्हा येणारा-जाणारा तिला विचारून विचारून पुन्हा रडवायचा, म्हणून तिनेच नियम केला होता की रडणाऱ्याला काही विचारायचं नाही. शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. मी इमानेइतबारे पेले ठेवतोय. काल चार झाले, आणि तिने एकही प्यायला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या एका पदकावर तिची कोरणी घसरली. आईची कोरणी! पदकावर आडवा ओरखडा उमटला. तिने ते खणात टाकलं आणि दुसरं घेतलं. तू जाऊ नयेस असं मी म्हणणार नाही, पण तुला कळवलं नसतं तर मला चैन पडलं नसतं. फोनवर हे बोलता येईना, कारण फोन तिच्याच टेबलावर असतो.

कळावे. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बेडूक


बेकरी, १२ फेब्रुवारी

चि. बेडकास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि डोकं आपटल्याबद्दल एक जास्तीचा.

तुझं पत्र मी पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं आणि तिथून उठायला विसरले. मालकाने दोनदा विचारलं की भट्टी पेटवायची की आज सुट्टी. त्या दिवसाचे पाव चपटे झाले, त्याचं श्रेय तुला.

बाबा गेले ती वेळ सोडली तर आईला मी कधी असं रडताना पाहिलेलं नाही. तेव्हाही ती दुकानात कोरत बसायची, आणि आपण दोघं पेला ठेवून जिन्यात जाऊन बसायचो, आठवतं? तू तर तिथेच झोपून जायचास. पुन्हा तेच दिवस तिच्या वाट्याला माझ्यामुळे येणार असतील तर बोट गेली खड्ड्यात. मला हे काम हवंय, बेडका. इतकं हवंय की रात्री स्वप्नात मी हलत्या जमिनीवर कणीक मळते. पण आईचे डोळे पुसायला तू आणि चपाती लाटायला कोणीच नाही, अशा घरातून मी हसत हसत निघणार नाही.

नकाराचं पत्र लिहून पाकिटात घातलंय. तिकीट तेवढं लावायचंय. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे, म्हणून अजून थोडा धीर धरते. तू विचारू नकोस, पण नीट लक्ष ठेव. आणि पेले जरा लहान घे.

आईला माझा नमस्कार सांग. बोटीबद्दल काही बोलू नकोस.

तुझी,
ताई


दुकान, १५ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बोटीबद्दल पुढे काही कळवलं नाहीस. मी तुझी मोठी पेटी माळ्यावरून काढून उन्हात ठेवली आहे. आतून झुरळं निघाली, पण कडी शाबूत आहे. तू लवकर काय ते नक्की कर, नाहीतर मी सगळ्यांना सांगून बसले आहे आणि माझं हसं होईल.

हे पत्र मात्र तुझ्या भावाबद्दल आहे. त्याचं काहीतरी बिनसलंय. रोज तलावावरून येतो ते लालभडक डोळे घेऊन. माझ्याकडे बघतो, सुस्कारा टाकतो आणि बाहेर निघून जातो. मला वाटतं कोणी मुलगी त्याला नाही म्हणाली असावी, किंवा तलावाच्या लोकांनी कामावरून काढलं असावं. मी नियमाला धरून विचारलं नाही. त्याच्या शेजारी पाण्याचा पेला ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. तोही कुठेतरी वाचल्यासारखा दिवसभर मला पाणी पाजायला बघतो. जास्त पाणी प्यावं असं हल्ली सगळेच सांगतात. आता घरात जिकडे तिकडे पेलेच पेले झाले आहेत. काल मी एकावर बसणार होते.

आता माझं. तुला सांगते, त्याला सांगू नकोस, आधीच तो हळवा झालाय. माझे डोळे काही दिवस नीट नाहीत. आत वाळू गेल्यासारखं टोचतं, जळजळतं, आणि संध्याकाळी उगीच पाणी वाहतं. उजव्या पापणीवर रांजणवाडी आली आहे, मोठी आणि दुखरी. ती झाकायला काळा चष्मा घेतला, तर औषधवाला म्हणतो मी नटीसारखी दिसते. कपाटात कसलेतरी जुने थेंब होते, ते घालून बघितले. डॉक्टरकडे गेले नाही, कारण तो म्हणेल आता कोरणं बंद करा. मध्यंतरी एका पदकावर माझा हात चुकला, पोरी. सगळं आयुष्य मी लोकांची नावं सरळ कोरली. हे काम गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाऊ, हे मला अजून सुचलेलं नाही. त्यामुळे सध्या मी गप्प आहे.

तू तुझी तब्येत सांभाळ. भट्टीजवळ बाही वर करून उभी राहू नकोस.

अखंड लोभ असणारी,
आई


बेकरी, १९ फेब्रुवारी

चि. बेडकास,
आशीर्वाद, आणि या वेळी धपाटासुद्धा.

आईचं पत्र आलं. ते वाचून मी इतकी हसले की मालकाने माझ्या हातातला सुरा काढून घेतला, आणि मग त्याच पत्रावर रडलेही. अरे शहाण्या, आई रडत नाहीये. तिचे डोळे आजारी आहेत. आणि तिला वाटतं तू रडतोस, कारण तलावाच्या पाण्याने तुझे डोळे लाल होतात. तुम्ही दोघं एकमेकांसाठी पेले भरताय आणि एकमेकांना काहीच विचारत नाही. या घरावर कोणी नाटक काढलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

तिने तुला सांगू नको असं लिहिलंय. मी सांगतेय, आणि पाप माझ्या डोक्यावर. तिला भीती आहे ती कोरणं सुटण्याची. तेव्हा हे पत्र मिळताच तू तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. मानली नाही तर तुझेच डोळे दाखवायला सोबत हवी म्हण. कपाटातली ती थेंबांची बाटलीही घेऊन जा. आणि रांजणवाडी कोणीही पिळायची नाही, तू तर अजिबात नाही. मला तुझी बोटं ठाऊक आहेत.

पाकीट अजून पिशवीत आहे. काय ते लगेच कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई


घर, २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि कान पकडून माफी.

माझ्या डोळ्यांच्या निमित्ताने आई आली. वाटेत तिने हळूच विचारलं की ती मुलगी चांगल्या घरची होती का. कोणती मुलगी, असं मी विचारल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मी सगळं सांगून टाकलं. आम्ही रस्त्यात उभं राहून इतके हसलो की एका सायकलवाल्याला वळसा घालून जावं लागलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या आणि मोठ्या आवाजाच्या आहेत. त्यांनी आईची हनुवटी यंत्रावर टेकवली, पापण्या उलट्यापालट्या करून बघितल्या आणि सांगितलं की डोळे कोरडे पडलेत. आई जरा रागावलीच. इतकं पाणी वाहतं आणि कोरडे कसले, असं तिने सुनावलं. त्यावर बाईंनी समजावलं की पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. कडा सुजल्या की त्या बुजतात, तेल नसलं की डोळ्यावरचं पाणी लवकर सुकतं, मग डोळा चिडतो आणि भसाभसा पाणी सोडतो. त्या पाण्याने काही ओलावा टिकत नाही. रांजणवाडीही त्याच बुजलेल्या कडेची देणगी. शिवाय कोरताना आई पापणी मिटतच नाही. बाईंनी तिला तिथेच एक कागद समोर धरून काहीतरी गिरवायला लावलं आणि स्वतः बघत बसल्या. शेवटी त्याच कंटाळून म्हणाल्या की आता तरी मिटा.

उपाय इतका साधा, की ऐकून मला हसूच आलं. रोज स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर थोडा वेळ ठेवायचं. मग पापण्यांवरून कडेच्या दिशेने हलकेच बोट फिरवायचं. डॉक्टरांनी दिलेल्या ओल्या पट्टीने पापण्यांच्या मुळाशी साचलेला कोंडा पुसायचा, हात आधी धुवून. ओलाव्याचे थेंब दिलेत. पंखा तोंडावर घ्यायचा नाही आणि काजळ काही दिवस बंद. हे दात घासण्यासारखं रोजचं आहे, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. रांजणवाडी शेकाने बहुतेक आपोआप जाईल, नाही गेली तर बघू म्हणाल्या. एकाएकी फार दुखलं किंवा अंधुक दिसायला लागलं तर मात्र लगेच धावत यायचं. जुनी बाटली बाईंनी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली. ती मुदत संपलेली, दुसऱ्याच कोणाच्या ऑपरेशननंतरची होती, आणि भलते थेंब घातले तर डोळ्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं, यावर आम्हां दोघांना बोलणी बसली. मलाही तलावात पोहण्याचा चष्मा लावायचा हुकूम झाला. मुलांना शिकवतो आणि स्वतः लावत नाही, म्हणून आणखी थोडी बोलणी.

सगळं झाल्यावर आई उठेना. पदर बोटाला गुंडाळत बसली. मला कळलं, पण मी गप्प राहिलो नाही या वेळी. मीच विचारलं की आईने कोरणं थांबवायचं का. बाईंना प्रश्नच कळला नाही. थांबवायचं कशाला, त्या म्हणाल्या. एक नाव झालं की डोळे मिटा, लांब बघा, मग दुसरं नाव. ताई, आईचा चेहरा तेव्हा तू बघायला हवा होतास. बाहेर आल्यावर तिने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, मी आठ वर्षांचा असल्यासारखं.

तुझ्या नकाराच्या पाकिटाबद्दल मी तिला सांगितलं आहे. ती तुला काय लिहील ते मला माहीत नाही, पण पेन शोधताना तिने दोन खण आपटले.

लोभ होता तसाच ठेवावा. मूर्खपणा मोजू नये.

तुझा,
बेडूक


बेकरी, २५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच पाकीट भट्टीत टाकलं. मालकाच्या देखत टाकलं, म्हणजे मागे फिरायला नको. त्याने काही विचारलं नाही, पण एक पाव जास्त दिला. बोटीला होकार कळवलाय. पुढच्या महिन्यात निघायचंय. आधी घरी येईन, तुझ्या पापण्या स्वतः शेकून देईन आणि घरातले पेले मोजून कपाटात लावेन.

ओरडायचं असेल ते सगळं लिहून पाठव. मी बोटीवर निवांत वाचेन.

तुझी,
थोरली


घर, ३० मार्च

चि. थोरलीस,
आईचे अनेकानेक आशीर्वाद, समुद्रावर पोचतील इतके.

तू गेल्यावर घर मोठं झालंय. माझ्या डोळ्यांची वाळू पुष्कळ कमी झाली, रांजणवाडी गेली. दुकानात मी आता प्रत्येक नावानंतर खिडकीबाहेर बघते. समोरच्या औषधवाल्याला वाटतं मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. ठेवते तर ठेवते.

पेटीच्या तळाशी, पीठ झाडायच्या ब्रशाखाली बघ. माझा हात चुकला होता ते पदक आहे. ओरखडा पुसला नाही. मागच्या बाजूला तुझं नाव कोरलंय, आणि ते अगदी सरळ आलंय. पुढे पोहण्यात पहिला क्रमांक असं लिहिलेलं आहे. तुला दोन हात पोहता येत नाही हे बोटीवर कोणाला सांगू नकोस. बेडूक तेव्हापासून हसतोय.

आता धक्क्यावरचं सांगते, कारण तू तेव्हा वर कठड्याशी उभी होतीस आणि तुला ऐकू आलं नसणार. बोटीने भोंगा दिला आणि माझे डोळे भरून वाहू लागले. तुझ्या भावाने खिशातून थेंबांची बाटली काढली. मग ती हातातच धरून त्याने मला सरळ विचारलं की डोळे कोरडे पडलेत, की मी रडतेय. इतक्या वर्षांत आपल्या घरात हे कोणी कोणाला विचारलेलं नाही. मी म्हटलं, रडतेय. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, थोरली चाललीय म्हणून, आणि आनंद झालाय म्हणून, दोन्ही. तो पेला आणायला गेला नाही. माझ्या शेजारी उभा राहिला आणि तोही रडला, चष्मा न लावता, तलावाशिवाय. तुझी बोट दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं हात हलवत होतो.

मी तो नियम मोडीत काढला आहे. तुला काही झालं, रडू आलं, तर कळव. आम्ही विचारणार आहोत.

कळावे. लोभ असूच दे, आणि पत्र लांब लिही.

तुझी,
आई